नागपूरच्या बागेत छत्री गवत, पपायरस आणि कॅरेक्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लव्हाळा म्हटलं की आपल्याकडे आधी खुरपी आठवते. त्याच कुळातली काही झाडं मात्र पैसे मोजून आणावीत इतकी देखणी आहेत, आणि नागपूरच्या गच्च्यांवर, अंगणांत ती आता दिसू लागली आहेत. त्यांच्याबद्दलचे बहुतेक प्रश्न एप्रिल ते जूनमध्ये येतात, कारण झाड आणलेलं असतं डिसेंबरात. ज्या शब्दांत लोक विचारतात, साधारण त्याच शब्दांत ते खाली दिले आहेत.

सेज म्हणजे गवतच ना?

दिसायला गवत, कूळ वेगळं. गवताचा दांडा गोल, बहुधा पोकळ आणि त्यावर पेरं असतात. सेजचा, म्हणजे मोथ्याच्या कुळातला दांडा बहुधा तिधारी आणि आतून भरीव असतो. दोन बोटांत धरून फिरवला की कडा लागतात. पानं तीन दिशांना तीन रांगांत निघतात. खात्री करायची तर अंगणातला लव्हाळा उपटून त्याचा फुलाचा दांडा फिरवून बघा, एकदा कळलं की पुन्हा चुकत नाही. या कुळात साडेपाच हजारांच्या आसपास जाती आहेत. नागपूरच्या घरगुती बागेला त्यातल्या चार-पाच पुरतात.

मग लव्हाळाच वाढवला तर? फुकटात आहे.

नको. त्याच्या गाठी जमिनीत माळेसारख्या एकाला एक जोडलेल्या असतात आणि वरचं पान उपटलं तरी खालच्या गाठी पुन्हा फुटतात. नागरमोथा म्हणून औषधात, उटण्यात, अगरबत्तीत त्याला मान आहे. वाफ्यात नाही.

नागपूरच्या उन्हात यातलं टिकते कोणतं?

पहिल्या नंबरावर छत्री गवत. नर्सरीत ‘अम्ब्रेला पाम’ म्हणून मागा, नाहीतर माळी वेगळंच काही काढून देईल. पाम नाही, पण त्याच नावाने विकलं जातं. मूळ आफ्रिका आणि मादागास्करकडचं, उंची तीन ते पाच फूट, प्रत्येक दांड्याच्या टोकाला छत्रीच्या काड्यांसारखी पानं. पाण्यात उभं राहतं, ओल्या मातीत राहतं, सकाळचं ऊन घेतं, सावलीतही चालवून घेतं. एखाद्या दिवशी पाणी द्यायचं राहिलं तर मान टाकतं, पण बहुधा संध्याकाळपर्यंत उठतं. पहिल्यांदाच लावणाऱ्याने हेच लावावं. याचा बुटका प्रकारही मिळतो, दीड फुटापर्यंतचा, तो बाल्कनीला बरा.

दुसरं पपायरस. प्राचीन इजिप्तमध्ये ज्याच्यापासून कागद करत तेच हे. कुंडीतसुद्धा सहा-सात फूट जातं, टोकाला हिरव्या धाग्यांचा झुपका. ऊन याला मानवतं. मका आणि ऊस ज्या पद्धतीने अन्न तयार करतात त्याच पद्धतीने पपायरसही करतं, म्हणून तापलेल्या दुपारीसुद्धा त्याचं काम थांबत नाही. अट एकच, मुळं पाण्यात हवीत. कोरड्या कुंडीतल्या पपायरसला नागपूरचा मे महिना आठवडाभरही पुरत नाही. बुटकं पपायरस दोन-अडीच फुटांचं असतं आणि टेबलाएवढ्या टाक्यात मावतं.

तिसरं स्टार सेज. टोकाला पांढऱ्या लांब पाकळ्यांसारखी पानं, दुरून फूलच वाटतं. अमेरिकेच्या आग्नेय भागातलं, म्हणजे उष्ण आणि दमट हवेतलं. पाणवनस्पती विकणाऱ्यांकडे विचारा, साध्या नर्सरीत क्वचितच दिसतं. ओल सुटली नाही तर उन्हाळा काढतं आणि पावसाळ्यात जमिनीखालून पसरत जातं.

आणि शेवटी कॅरेक्स. परदेशी बागांच्या फोटोंत दगडांच्या कडेला पिवळ्या-हिरव्या पट्ट्यांचे जे झुपके दिसतात ते हेच. त्याची गोष्ट वेगळी आहे, पुढच्या प्रश्नात बघू.

लेबलवर ‘हार्डी’ लिहिलं होतं, तरी मे महिन्यात गेलं. काऊन?

कारण ते लेबल थंडीसाठी आहे. बाहेरच्या देशांत झाड हार्डी आहे म्हणजे बर्फाळ रात्री काढून वसंतात पुन्हा फुटतं. अमेरिकेच्या कृषी खात्याचे जे ‘झोन’ लेबलवर छापलेले असतात, तेही हिवाळ्यातल्या सर्वांत कमी तापमानाच्या सरासरीवरून ठरवलेले आहेत. त्यात उन्हाळ्याचा हिशेबच नाही. नागपूरचा पारा 29 डिसेंबर 2018 ला 3.5 अंशांवर गेला होता, ती इथली विक्रमी थंडी. कॅरेक्सला ती थंडी म्हणजे काहीच नाही. पण 23 मे 2013 ला हाच पारा 47.9 वर होता. जपानच्या डोंगरउतारांवरून आलेल्या ‘एव्हरगोल्ड’ कॅरेक्सला हे कुणी सांगितलेलंच नसतं.

आपल्याकडे झाडाची परीक्षा दोनदा होते. पहिली नवतप्यात, 25 मेच्या पुढचे नऊ दिवस, जेव्हा रात्रीसुद्धा भिंत गार होत नाही. दुसरी जुलैमध्ये, जेव्हा काळ्या मातीत चार-चार दिवस पाणी साचून राहतं. छत्री गवत आणि पपायरस दोन्हींत पास होतात, कारण दोघांनाही पाणी जितकं मिळेल तितकं हवंच असतं. कॅरेक्स बहुधा दोन्हींत अडकतं. मे महिन्यात करपतं आणि त्यातून वाचलेलं जुलैत बुडाशी कुजतं.

माझं मत विचाराल तर नागपुरात कॅरेक्स हे पेटुनियासारखं हंगामी झाड समजावं. ऑक्टोबरअखेर आणा, होळीपर्यंत मजेत बघा. पुढे जगलं तर बोनस. उत्तर-पूर्वेची सावली, झाडांची दाटी आणि रोजची ओल मिळाली तर काही झुपके पुढच्या हिवाळ्यापर्यंत पोचतात, पण त्या भरवशावर पूर्ण वाफा लावू नका. तपकिरी, तांबूस कॅरेक्सच्या तर नादीच लागू नका. मे महिन्यात नागपुरात सगळंच तपकिरी असतं, त्यासाठी पैसे कशाला मोजायचे?

नर्सरीवाल्याने कॅरेक्स म्हणून दिलं. ते खरंच कॅरेक्स आहे का?

बऱ्याचदा नसतं. मोंडो ग्रास, लिरिओपी, पट्टेवालं स्पायडर प्लांट किंवा वेखंडाच्या नात्यातलं बुटकं झाड त्या नावाखाली येतं. पान चुरगाळून वास घ्या. गोडसर, उग्र वास आला तर वेखंडाचा भाऊ. बुडाशी पांढऱ्या जाड मुळ्या दिसल्या तर स्पायडर प्लांट. लिरिओपीला जांभळ्या फुलांचा तुरा येतो, कॅरेक्सला कधीच येत नाही. मोंडो किंवा लिरिओपी निघाली तर नर्सरीवाल्याशी भांडू नका. नागपूरच्या सावलीत ती कॅरेक्सपेक्षा जास्त टिकतात आणि लांबून तसाच भास देतात.

लावायचं कधी?

मृगाचा पाऊस एकदा नीट पडला आणि जमीन आतून गार झाली की. नागपुरात हे साधारण जूनच्या मध्यापुढे जमतं. तिथून पोळ्यापर्यंतचा काळ छत्री गवत, पपायरस, स्टार सेज या तिघांसाठी उत्तम. कॅरेक्स दिवाळीच्या आसपास. मार्च ते मे या काळात यातलं काहीही विकत घेऊ नका, कितीही स्वस्त मिळालं तरी. ती रोपं शेडनेटखाली वाढलेली असतात, तुमच्या गच्चीवर आली की पहिल्याच दुपारी त्यांना धक्का बसतो.

आणल्याबरोबर पिशवीतून काढून लावलं. पाणी घालूनही सुकून राहिलं.

कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, बघा. बाहेरगावच्या मोठ्या रोपवाटिकांतून येणारी रोपं बहुधा कोकोपीटच्या गोळ्यात असतात. तो गोळा एकदा पूर्ण वाळला की पाणी पीत नाही. वरून घातलेलं पाणी कडेने वाहून जातं, माती ओली दिसते आणि मुळं मात्र कोरडी. रोप बादलीत बुडवून तासभर ठेवा. बुडबुडे यायचे थांबले की काढा, कडेचं अर्धं कोकोपीट हाताने हलकेच मोकळं करा आणि मग मातीत लावा.

कुंडीत माती कोणती भरायची?

पाण्यात उभ्या राहणाऱ्या झाडांना आपली काळी मातीच. गच्चीवरच्या कुंड्यांसाठी जिला आपण नावं ठेवतो, ती चिकट माती पाण्याच्या टाक्यात सोनं आहे. जड असल्याने तरंगत नाही, उंच पपायरस धरून ठेवते आणि खत पटकन धुऊन जाऊ देत नाही. तिच्यात मूठ-दोन मूठ चांगलं कुजलेलं शेणखत मिसळा. वरून दोन बोटं जाडीचा बारीक गिट्टीचा थर द्या, म्हणजे पाणी गढूळ होत नाही. पानांचं खत किंवा कोकोपीट इथे घालू नका, सगळं वर येऊन तरंगतं.

पाण्याबाहेरच्या कुंडीला, खासकरून कॅरेक्सला, हीच माती मारक. तिथे एक भाग काळी माती, एक भाग कन्हान नदीची जाड रेती आणि एक भाग गांडूळखत असं मिश्रण ठेवा. कुंडीच्या तळाचं भोक मोकळं आहे ना, ते आधी बघा.

जमिनीत लावायचं तर?

काळी जमीन उन्हाळ्यात फाटते. भेगा इतक्या खोल जातात की मुळं तुटतात आणि वरून दिलेलं पाणी त्या भेगेतून सरळ खाली जातं. म्हणून छत्री गवत जमिनीत लावायचं असेल तर खड्डा दीड फूट खोल करा, खालच्या थरात शेणखत मिसळा आणि वर वाळलेल्या पानांचं किंवा उसाच्या पाचटाचं तीन-चार इंचांचं आच्छादन वर्षभर राहू द्या. दोन रोपांत दीड ते दोन फूट अंतर. नळाखालची जागा, हातपंपाचा ओटा, पन्हाळीचं पाणी पडतं तो कोपरा, अशा जागा याच्यासाठी राखून ठेवा.

ऊन किती लागते?

छत्री गवताला सकाळचं तीन-चार तास. पपायरसला दिवसभराचं चालतं, फक्त पश्चिमेच्या भिंतीला टेकवून ठेवू नका. तापलेली भिंत संध्याकाळी सात-आठपर्यंत आग ओकत असते आणि झुपक्याचे धागे त्या बाजूनेच आधी जळतात. कॅरेक्सला फेब्रुवारीनंतर कोवळं ऊनही पुरे. गच्चीवर मार्चच्या शेवटी 50 टक्क्यांची हिरवी जाळी बांधा आणि पहिला मोठा पाऊस होईपर्यंत राहू द्या. कुंड्या थेट स्लॅबवर नकोत. खाली दोन विटा ठेवा, तळाची मुळं वाचतात.

मे महिन्यात पाणी किती द्यायचं?

पाण्यात ठेवलेल्या झाडांना ‘किती द्यायचं’ हा प्रश्न नसतो, फक्त पातळी बघायची. मातीच्या वर छत्री गवताला दोन ते सहा इंच, पपायरसला त्याहून थोडं जास्त, बुटक्याला दोन-तीन इंच. मे महिन्यात उथळ टब भरभर आटतो, म्हणून रुंद आणि उथळपेक्षा अरुंद आणि खोल टब घ्या. काळ्या प्लास्टिकचा तर मुळीच नको, दुपारी त्यातलं पाणी हाताला सोसत नाही. सिमेंटचं टाकं किंवा मातीचा माठ-रांजण उत्तम.

साध्या कुंडीतल्यांना सकाळी सातच्या आत आणि सूर्य मावळल्यावर, असं दोनदा. भर दुपारी मान टाकलेली दिसली तरी थांबा. त्या वेळी पाइपातून जे पाणी येतं ते चहाला चालेल इतकं तापलेलं असतं.

कूलरचं पाणी टाकलं तर चालते का? आणि कूलरच्या मागे ठेवलं तर गारवा मिळेल ना?

हा नागपूरचा खास प्रश्न, म्हणून सविस्तर.

आधी गारव्याचं. कूलर बाहेरची गरम हवा ओल्या ताट्यांतून आत ओढतो आणि गार हवा खोलीत सोडतो. त्यामुळे कूलरच्या मागे उभ्या असलेल्या झाडाला गार वारा लागत नाही, उलट बाहेरची कोरडी हवा त्याच्या पानांवरून खेचली जाते. फायदा आहे तो ठिबकणाऱ्या पाण्याचा आणि स्टँडच्या सावलीचा. लोखंडी स्टँडखाली, जिथे ताटीतून पाणी टपकतं, तिथे छत्री गवताची कुंडी ठेवा. मे महिन्यात पूर्ण गल्लीत हिरवं असलेलं ते एकच झाड असेल. पानं ताटीला चिकटू देऊ नका, दोन फूट जागा सोडा, नाहीतर कूलरचा दम कोंडतो आणि घरातून बोलणी खावी लागतात ती वेगळीच.

आता पाण्याचं. ताटीतून फक्त पाणी उडतं, क्षार टाकीत मागे राहतात. रोज वरून नवीन पाणी येतं आणि रोज क्षार वाढत जातात. ताटीच्या कडेला जो पांढरा खडबडीत थर दिसतो ना, तेच क्षार टाकीच्या पाण्यात विरघळलेले असतात. म्हणून टाकी दर आठवड्याला रिकामी करत असाल तर ते पाणी छत्री गवताला, पपायरसला खुशाल घाला. महिनाभर न बदललेलं, तळाशी गाळ बसलेलं पाणी कोणत्याच झाडाला नको. ताट्यांवर वास घालवायला काही औषध टाकलं असेल तर तेही पाणी नाल्यातच जाऊ द्या. बोअरचं पाणी वापरणाऱ्यांनी आठवड्याऐवजी तीन-चार दिवस धरावे. कॅरेक्सला कूलरचं पाणी नकोच, त्याच्या पानांचे शेंडे लगेच करपतात.

पहिल्या पावसात सगळ्या कुंड्या उघड्यावर सरकवा. उन्हाळाभर साठलेले क्षार चार चांगल्या सरींत धुऊन निघतात.

आरओचं वाया जाणारं पाणी?

त्यातही क्षार जास्त असतात. साध्या पाण्यात निम्मं मिसळून छत्री गवताला चालेल, रोज मात्र नको.

पाण्यात ठेवलं की डास होतात. शेजारी ओरडून राहिले.

शेजारी बरोबर आहेत. डेंग्यूचा डास घरातल्या स्वच्छ साचलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि उन्हाळ्या-पावसाळ्यात अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. म्हणून दोन रस्ते. टब छोटा असेल तर आठवड्यातून एक दिवस ठरवून तो पूर्ण रिकामा करा, आतली कड ब्रशने घासा आणि मग भरा. घासणं महत्त्वाचं, कारण अंडी पाण्याच्या रेषेजवळ कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी मरत नाहीत. टाकं मोठं असेल तर गप्पी मासे सोडा. कुंडीखालच्या बशीत पाणी साठवून ठेवायची सवय असेल तर बशीत रेती भरा. रेती ओली राहते, उघडं पाणी राहत नाही.

शेंडे तपकिरी पडून राहिले.

छत्री गवताचे थोडे शेंडे मे महिन्यात जळणारच, ते कात्रीने तिरपे कापून टाका. सगळेच जळत असतील तर पाणी खारं आहे किंवा मुळं कोरडी पडताहेत. कुंडी तीन-चार वेळा भरभरून धुऊन काढा, तळातून पाणी वाहू द्या.

पानं हळदीसारखी पिवळी, पण शिरा हिरव्या. खत घातलं तरी फरक नाही.

हे लोहाच्या कमतरतेचं लक्षण. काटोल-कळमेश्वरकडे संत्र्याची बाग असणाऱ्यांना हे सांगायला नको, चुनखडीच्या जमिनीत संत्र्याची नवी पालवी अशीच पिवळी पडते. मातीत लोह असतं, पण चुन्यामुळे मुळांना ते घेता येत नाही. छत्री गवतात हिरव्या-पिवळ्या उभ्या रेषा दिसतात, कारण त्याच्या शिराच उभ्या. एक लिटर पाण्यात 5 ग्रॅम फेरस सल्फेट, म्हणजे हिराकस, विरघळवा, त्यात अर्धं लिंबू पिळा आणि संध्याकाळी पानांवर फवारा. दहा-बारा दिवसांनी पुन्हा एकदा. फवारताना कुंडी फरशीवरून बाजूला घ्या. हिराकसचे डाग फरशीवर बसले की दिवाळीच्या साफसफाईतही निघत नाहीत.

सगळं झाडच फिकट हिरवं असेल, शिरांसकट, तर नत्र कमी आहे. त्याला शेणखत.

छत्री तोडून पाण्यात उलटी ठेवली की नवं झाड येते म्हणतात. खरं का?

खरं आहे, आणि घरातल्या पोरांना दाखवण्यासारखं आहे. जून झालेली, पण अजून हिरवीगार छत्री निवडा. खाली दोन-तीन इंच दांडा ठेवून कापा. छत्रीच्या काड्या निम्म्याने छाटा, म्हणजे त्यातून पाणी कमी उडतं. मग ती डोक्यावर उलटी करून, दांडा वर आणि काड्या खाली, अशी पाण्याच्या वाडग्यात ठेवा. काड्या जिथे दांड्याला जुळतात तो मधला भाग पाण्यात बुडायला हवा. वाडगं सावलीत, पाणी दर दोन दिवसांनी बदलायचं.

पहिल्या आठवड्यात काहीच होत नाही. मग काड्यांच्या बेचक्यांत तांदळाच्या कणीएवढे फिकट कोंब दिसतात, त्यांच्या बुडातून पांढरी मुळं खाली उतरतात आणि कोंब मात्र उलट्या छत्रीतून वाट काढून वरच्या दिशेने वळतात. दोन-तीन आठवड्यांत एका छत्रीला तीन-चार रोपं मिळू शकतात. मुळं बोटभर झाली की ओल्या मातीत लावा, जुनी छत्री तशीच मातीखाली दाबली तरी चालते. जुलै ते सप्टेंबर हा सर्वांत चांगला काळ. हिवाळ्यात वेळ लागतो, मे महिन्यात वाडग्यातलं पाणीच सडतं.

मोठ्या पपायरसवर हा प्रयोग करून वेळ घालवू नका. त्याचा गड्डाच फोडावा लागतो.

गड्डा फोडायचा कसा?

जूनच्या शेवटी कुंडीतून पूर्ण ठोंब बाहेर काढा, माती धुऊन टाका आणि जुन्या मोठ्या सुरीने किंवा करवतीने कापा. प्रत्येक तुकड्याला दोन-तीन कोंब आणि मुळं हवीत. मधला जुना, लाकडासारखा झालेला भाग फेकून द्या, कडेचे तरणे फुटवे ठेवा. कॅरेक्सचं हेच काम नोव्हेंबरात, हलक्या हाताने.

कुंडीच फुटली!

पपायरसची आणि छत्री गवताची मुळं कुंडी भरली की थांबत नाहीत. पातळ प्लास्टिक आधी फुगतं, मग चिरतं. दर पावसाळ्यात गड्डा फोडून लहान करा, नाहीतर सिमेंटची कुंडी घ्या.

छाटणी कधी?

छत्री गवताचा प्रत्येक दांडा म्हातारा होतो, पिवळा पडतो, तेव्हा बुडापासून कापा. मधोमध कापलेला दांडा पुन्हा फुटत नाही, नुसता खुंट उभा राहतो. झाड फारच विस्कटलं असेल तर मृगाच्या तोंडावर सगळं जमिनीपासून चार बोटांवर कापून टाका, पावसात भराभर नवं येतं. उन्हाळ्याच्या तोंडावर अशी पूर्ण छाटणी नको, दाट दांड्यांची सावलीच बुडाला वाचवते.

कॅरेक्सला कात्री कमी, बोटं जास्त. हातमोजे घालून झुपक्यातून बोटं फिरवा, वाळलेली पानं आपसूक हातात येतात. मोजे विसरू नका, या पानांच्या कडा ब्लेडसारख्या कापतात.

खत?

जून, ऑगस्ट आणि ऑक्टोबरात मूठभर गांडूळखत. टाक्यातल्या झाडासाठी ते कापडाच्या छोट्या पुरचुंडीत बांधून मातीत खोचा. युरिया पाण्यात सोडला की टाकं शेवाळाने हिरवं होतं. डिसेंबर-जानेवारीत आणि मे महिन्यात काहीच देऊ नका.

कीड लागते का?

फारशी नाही. कोरड्या उन्हाळ्यात लाल कोळी येतो. पानावर बारीक फिकट ठिपके आणि जाळीदार धागे दिसले की समजा. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने पानं दोन-तीन दिवस रोज धुवा, बहुतेक वेळा एवढ्यावर भागतं. बुडाशी पिठ्या ढेकूण असला तर लिटरभर पाण्यात 5 मिली निंबोळी तेल आणि साबणाचे काही थेंब, संध्याकाळी. टाक्यात मासे असतील तर कुंडी बाहेर काढून फवारा आणि दुसऱ्या दिवशी परत ठेवा.

अवकाळी वादळात पपायरस पूर्ण आडवं झालं.

मोडलेले दांडे बुडापासून कापा, उभे राहिलेले सैल सुतळीने एकत्र बांधा. दांडे सरळ व्हायची वाट पाहू नका, ते होत नाहीत. गारपिटीत छत्र्यांच्या चिंध्या झाल्या तरी तोच उपाय. गड्डा ओला असेल तर तीन-चार आठवड्यांत नवे दांडे वर येतात. एप्रिलमध्ये पपायरसची कुंडी कठड्याजवळून आत ओढून ठेवा.

हिवाळ्यात झाकायचं का?

गरज नाही. पपायरस डिसेंबर-जानेवारीत थोडं मरगळतं, झुपके तांबूस होतात. फेब्रुवारीत सावरतं.

स्वयंपाकघराचं सांडपाणी याच्यावर सोडता येते का? ही झाडं पाणी शुद्ध करतात असं ऐकलं.

ऐकलं ते खरं आहे, पण झाड एकटं करत नाही. आपल्या वर्धा रोडवरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने ‘फायटोरिड’ नावाची सांडपाणी शुद्ध करायची पद्धत विकसित केली आहे. त्यात पाणी गिट्टीच्या थरातून, पृष्ठभागाच्या खालून वाहतं आणि त्या थरात कर्दळ, पाणकणीस यांसारखी झाडं लावलेली असतात. मुळांच्या आणि गिट्टीच्या आधाराने वाढणारे जिवाणू घाण खातात, झाड उरलेलं नत्र-स्फुरद ओढून घेतं. छत्री गवतही जगभर अशा वाफ्यांत वापरलं जातं.

घरी करायचं तर फक्त भाज्या-तांदूळ धुतलेलं आणि हात धुण्याचं पाणी घ्या. आधी एका छोट्या चेंबरमध्ये तेलकट भाग अडवा, मग दोन फूट खोल गिट्टीच्या वाफ्यात खालच्या बाजूने सोडा. पाणी वर दिसता कामा नये, दिसलं की वास आणि डास दोन्ही आले. संडासाचं पाणी आणि कपड्यांच्या पावडरीचा फेस यात नको. मातीत नुसतं छत्री गवत लावून वर सिंकचा पाइप सोडणं याला शुद्धीकरण म्हणत नाहीत, त्याला चिखल म्हणतात.

खूप झालं आहे. जास्तीचं फुटाळा तलावात किंवा नाल्याकाठी लावून टाकू का?

अजिबात नाही. छत्री गवत उघड्या नाल्यात रान होऊन पसरतं. अंबाझरी तलावातली जलपर्णी काढायला किती खटाटोप करावा लागला ते शहराने पाहिलं आहे. जास्तीचे गड्डे उन्हात पूर्ण वाळवा, मग खतात टाका. नाहीतर शेजाऱ्याला द्या, कुंडीसकट.

कुंडीत लव्हाळा घुसला. औषध मारू का?

ऊसवाले लव्हाळ्यावर हॅलोसल्फ्युरॉन मिथाइल मारतात. ते मोथ्याच्या कुळावर चालतं, म्हणजे तुमचं छत्री गवत आणि स्टार सेजही त्याच्या तावडीत सापडणार. कुंडीत हातानेच काढा, ओल्या मातीत, गाठींसकट. मोकळा वाफा लव्हाळ्याने भरला असेल तर एप्रिल-मे मध्ये तो ओला करा, पारदर्शक प्लास्टिक अंथरा, कडा मातीने दाबा आणि दीड महिना तसाच राहू द्या. वरवरच्या बऱ्याच गाठी भाजून निघतात, खोलवरच्या उरतात. त्या पावसात फुटल्या की लगेच खणून काढा, नव्या गाठी धरायच्या आत.

मांजर सगळे शेंडे खाऊन टाकते.

छत्री गवत मांजरांना आवडतं. बुटकी कुंडी उंचावर ठेवा आणि मांजरासाठी पसरट भांड्यात गहू पेरून द्या.

पपायरसचा खरंच कागद करता येतो का? मुलीला शाळेत प्रकल्प आहे.

येतो. जाडजूड, ताजा दांडा घ्या, वीतभराचे तुकडे करा आणि हिरवी साल सोलून काढा. आतला पांढरा गर उभा कापून शक्य तितक्या पातळ पट्ट्या करा आणि त्या दोन-तीन दिवस पाण्यात भिजत ठेवा, पाणी रोज बदला. मग लाटण्याने प्रत्येक पट्टीतलं पाणी दाबून काढा. सुती कापडावर आधी आडव्या पट्ट्या कडेला कड किंचित चढवून मांडा, त्यावर उभ्यांचा दुसरा थर. वरून कापड आणि पाटा किंवा जड पुस्तकांचा ढीग. कापड ओलं झालं की बदलत राहा. पट्ट्यांच्या रसामुळे थर आपोआप चिकटतात, डिंक लागत नाही. नागपूरच्या कोरड्या हवेत चार-पाच दिवसांत वाळतो, पावसाळ्यात करायला घेतला तर बुरशी येते. दोन दांडे जास्तीचे कापून ठेवा, पहिल्या पट्ट्या हमखास जाड निघतात.